जुळवलेलं रीडिंग

कॅनमध्ये भरायला सांगितलेली लघवी मी मुद्दाम संडासात ओतून दिली.

हे वाचून कुणाला हसू येईल, कुणाला किळस वाटेल. मला हे एक वाक्य लिहायला दोन वर्षं लागली. बायकोला यातलं काही माहीत नाही. लातूरच्या डॉक्टर मॅडमना मी त्या वेळी सांगितलं होतं की, दोन-तीनदा भरायची राहून गेली. राहून जाणं वेगळं आणि ओतून देणं वेगळं. तो फरक कसा पडतो, ते पुढे येईलच. ज्यांच्या हातात दवाखान्यातून असा पांढरा कॅन दिला जाईल, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय.

मी अर्धापूरचा. शेती भाऊ बघतो, केळीच्या बागा आहेत. मी मुदखेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बोलणं कमी. वर्गात जेवढं लागतं तेवढंच. घरात तर बायको, शोभा, म्हणते की तुमच्याशी बोलण्यापेक्षा इन्व्हर्टरशी बोललेलं बरं, तो निदान शिट्टी तरी वाजवतो.

आजार कळला त्या दिवशी आम्ही नांदेडला एका डॉक्टरांसमोर बसलो होतो. पायावर सूज होती. मोजे काढले की इलॅस्टिकचा खड्डा तसाच राहायचा. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं असायचं. शोभा म्हणायची, "झोप जास्त व्हायली तुम्हाला." डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि पडलेल्या खळगीकडे बघत विचारलं, "सर, लघवीला फेस येतो का?"

"येतो," मी म्हणालो. "पण उंचावरून पडल्यावर फेस येणारच ना."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्टवर प्रोटीनच्या पुढे अधिकची चार चिन्हं होती. "किडनी गळतेय सर," ते म्हणाले. "पाणी नाही, प्रोटीन गळतंय. याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. का गळतंय ते शोधायला किडनीचा तुकडा काढावा लागेल. तुम्ही लातूरला जा."

नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. किडनी ही गाळणी आहे. तिने घाण बाहेर टाकायची आणि कामाचं ठेवून घ्यायचं. माझी गाळणी सैल झाली होती. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून निघून जात होतं. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी रक्तातून निसटतं आणि पायात, पोटात, डोळ्यांखाली साचतं. फेस त्या प्रोटीनचाच होता. ताक घुसळल्यावर येतो तसा. फिजिक्सच्या माणसाने महिनाभर तो रोज बघितला आणि स्वतःची समजूत घालून घेतली.

लातूरला बायोप्सी झाली. बायोप्सी म्हणजे सुईने अवयवाचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात. "श्वास घ्या, धरा, हलू नका." मग स्टेपलरसारखा टक् आवाज. भीती वाटते तेवढं दुखत नाही. त्यानंतर मात्र उताणं पडून राहावं लागतं आणि लघवीत रक्त येतं का ते बघतात. शोभा दर वेळी भांडं खिडकीजवळ नेऊन उजेडात धरायची आणि जाहीर करायची, "पिवळी हाय. चांगली हाय." शेजारच्या खाटेवरच्या बाई तिला म्हणाल्या, "सोनं पारखल्यासारखं बघून राहिल्या की हो तुम्ही."

रिपोर्ट आला. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा गाळणीच्या पडद्यावर जाऊन बसते, पडदा जाड होतो आणि तरी गळायला लागतो. यावर स्टेरॉइड आणि सोबत आणखी एक औषध देतात.

लातूरच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढ्या. त्या एक संशोधन करत होत्या. स्टेरॉइडचे दुष्परिणाम फार. चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चिडचिड होते. ते जरा लवकर कमी करत नेलं तर आजार आटोक्यात राहतो का, की हळूहळूच कमी करावं लागतं, हा त्यांचा प्रश्न होता. पेशंटचे दोन गट. मी लवकर कमी करायच्या गटात आलो.

"आत किडनीत काय चाललंय ते मला दिसत नाही," मॅडमनी सांगितलं. "दर वेळी सुई घालून तुकडा काढता येत नाही. म्हणून मार्कर बघायचा. मार्कर म्हणजे खूण. मोजता येईल अशी खूण. चोवीस तासांत तुमच्या लघवीतून किती ग्रॅम प्रोटीन गेलं, ही आपली मुख्य खूण. आजार उतरला की खूण उतरते."

मग त्यांनी मला कॅन दिला. कसा भरायचा ते नीट ऐका, कारण पुष्कळ जण इथेच चुकतात. सकाळी उठल्यावर पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, एकूण एक कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेची पहिली लघवी मात्र कॅनमध्ये भरायची. तिथे थांबायचं. एक वेळ जरी बाहेर गेली तरी तो आकडा त्या दिवसाचा राहत नाही.

"तुम्ही सायन्सचे सर आहात," मॅडम म्हणाल्या, "तुमची मला काळजीच नाही."

पहिला कॅन मी सुट्टीच्या दिवशी घरी भरला. देवघराच्या भिंतीला टेकवायचा नाही, असं शोभाने बजावलं, म्हणून तो इन्व्हर्टरच्या कोपऱ्यात ठेवला. आकडा आला सात ग्रॅम. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात चिमूटभरही जात नाही.

तो कॅन घेऊन लातूरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा गंगाधरराव भेटले. बिलोलीकडे टमटम चालवायचे. आजार माझाच, डॉक्टर तेच, गटही तोच. माझा कॅन शालीत गुंडाळून पिशवीत, पिशवी पायांमागे. त्यांचा कॅन मांडीवर, उघडा.

"गुरुजी, लेकराला दुपट्यात गुंडाळलंय का?" ते म्हणाले. "काढा बाहेर. गुदमरंल ते."

मी विचारलं, दिवसभर गाडी चालवता, मग भरता कसा? "सीटखाली ठेवतो. पॅसेंजर विचारतेत, गंगाधरअन्ना, डिझेल हाय का? म्हणलं, न्हाई, लघवी हाय माझी. लातूरला लई भाव हाय." शेजारी त्यांची बायको, रुक्मिणबाई, पदर तोंडाला लावून बसली होती. ती म्हणाली, "ह्यायला लाज म्हणून न्हाई बघा." पण हसत होती.

दुसऱ्या कॅनच्या वेळी लातूरची तारीख अशी आली की भरायचा दिवस कॉलेजचा होता. प्रॅक्टिकलची गडबड, रजा मिळण्यासारखी नव्हती. कॅन बॅगेत घातला आणि नेला. स्टाफरूममध्ये बॅग ठेवताना झाकण बाहेर डोकावलं. गणिताचे सर म्हणाले, "काय हो, दुधाचा रतीब घालून राहिले का काय?" सगळे हसले. मीही हसलो. मग कॅन नेऊन स्कूटरच्या डिकीत कोंबला आणि दिवसभर कॉलेजच्या मुतारीत गेलो. घरी आल्यावर उरलेला वेळ भरला.

ही पहिली वेळ लाजेची. तिला मी चूक म्हणू शकतो.

आकडा आला पावणेपाच. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "वा सर! पहिल्याच खेपेला एवढा फरक!" त्यांनी स्टेरॉइड एक पायरी खाली आणलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला शाबासकी मिळून किती वर्षं झालेली असतात, ते त्या वयाच्या माणसाला विचारा. शिवाय त्या गोळ्यांनी माझा चेहरा भोपळ्यासारखा झाला होता. वर्गात पोरं माझ्याकडे बघून खाली बघायची. गोळी कमी होते म्हटल्यावर मी तोंड मिटलं.

आता तिसऱ्या कॅनचं सांगतो.

आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरं रीडिंग जुळवतात. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वाकर्षण काढतात, उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, हे पाठ असतं. मग उत्तरापासून मागे येत झोक्यांच्या वेळा भरायच्या. याला सगळे जुळवणं म्हणतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी मात्र पकडायचो. खरं रीडिंग खडबडीत असतं. जुळवलेलं गुळगुळीत असतं. मी लाल पेनाने रेघ मारायचो. पोरं म्हणायची, "सर, पण उत्तर तर बरोबर आलंय." मी म्हणायचो, "उत्तर मला माहीत आहे. तू काय मोजलंस ते सांग."

तर तिसरा कॅन मी घरीच भरत होतो. सुट्टी होती, लाजेचं काही कारण नव्हतं. पूर्ण भरला तर आकडा परत वर जाईल, मग मागचा कसा खाली आला हा प्रश्न येईल, गोळी वाढेल, मॅडमचा चेहरा उतरेल, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. मग लघवी भांड्यात घेतली आणि कॅनमध्ये ओतण्याऐवजी संडासात ओतली. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि हिशेब केला. एकदम खाली आणला तर संशय येईल, म्हणून थोडाच. खडबडीत दिसावं असा. वीस वर्षं पोरांना पकडून मला जे कळलं होतं, ते सगळं मी त्या संडासात उभं राहून वापरलं.

बाहेरून शोभाने विचारलं, "भरला का?"

"भरला," मी म्हणालो.

आकडा चारच्या जरा खाली आला. मॅडम या वेळी उठल्या नाहीत. रिपोर्ट दोनदा वाचला. "सर, दोन गोष्टी जुळत नाहीत. लघवीतलं प्रोटीन कमी झालंय, मग रक्तातलं अल्ब्युमिन वर यायला हवं. ते आहे तिथेच आहे. आणि लघवीतलं क्रिएटिनिन कमी दिसतंय."

क्रिएटिनिन हे स्नायूंतून रोज तयार होणारं टाकाऊ द्रव्य. एका माणसाच्या शरीरात ते रोज जवळपास सारखंच तयार होतं. चोवीस तासांच्या लघवीत ते कमी भरलं, तर कॅन अर्धवट आहे असा संशय घेतात. म्हणजे एक खूण दुसऱ्या खुणेवर पहारा ठेवते.

"पूर्ण भरला होता ना, सर?"

मी काय बोललो ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. "मॅडम, मी आयुष्यभर मोजमापच शिकवलंय. ते मला विचारू नका."

त्या ओशाळल्या. "नाही, नाही, सर. स्टेरॉइडने स्नायू झिजतात, त्यानेही कमी येऊ शकतं. तुमचं वजनही उतरलंय." त्यांनी तसं लिहून घेतलं आणि गोळी आणखी कमी केली.

बाहेर बाकावर गंगाधरराव रिपोर्ट हातात घेऊन बसले होते. त्यांचा आकडा सातच्या खाली यायलाच तयार नव्हता. गोळी तशीच्या तशी, चेहरा माझ्यापेक्षा फुगलेला. पॅसेंजर म्हणतात लग्नाला चाललाय का अन्ना, एवढे गाल वर आले, असं त्यांनी सांगितलं, पण नेहमीसारखं हसून नाही. माझा कागद त्यांनी मागून घेतला. लिहितावाचता येणारा माणूस. आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, तुमचं कसं काय उतरून राहिलं? मला सांगा न. मी बी तसंच करतो."

मी त्यांना म्हणालो, "पथ्य पाळा. तुमचं काहीतरी चुकत असणार. मीठ खात असाल कुठे तरी."

रुक्मिणबाईने लगेच त्यांच्याकडे वळून बघितलं. "मी म्हणलं व्हतं का न्हाई? नरसीला भजे खाता तुम्ही."

"खात न्हाई ग," ते म्हणाले. "आईची आण. दोन महिने झाले, जिभेला मीठ न्हाई लागलं."

"मग सरांला कसा गुण आला?"

त्यांनी कॅन मांडीवरून खाली ठेवला. मी नांदेडची गाडी धरायची आहे म्हणून उठलो.

चौथा कॅनही मी तसाच भरला. तोवर पाय परत सुजायला लागले होते, पण पँट सैल शिवून घेतली. शोभा रोज सकाळी माझ्या डोळ्यांकडे बघायची. "रिपोर्ट तर चांगला यायलाय," ती म्हणायची, "मग सूज कामून?" तिने विचारलेला हा प्रश्न डॉक्टर मॅडमच्याच प्रश्नासारखा होता, पण तिला क्रिएटिनिनचं नाव माहीत नसल्यामुळे मी तिला सहज गप्प करू शकलो.

प्रॅक्टिकलच्याच तासाला डावी पोटरी दगडासारखी झाली. दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागली, कठडा धरून थांबलो. भावाने गाडीतून नांदेडला नेलं. डॉपलर केलं. डॉपलर म्हणजे शिरांमधून रक्त वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी. पायाच्या मोठ्या शिरेत गाठ झाली होती. अल्ब्युमिन फार कमी झालं की रक्त गोठायला लागतं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर हे लिहायला मी नसतो. रक्त पातळ करणारं इंजेक्शन तिथे लगेच दिलं आणि दुसऱ्या दिवशी लातूरला हलवलं.

लातूरच्या वॉर्डात मला उठायची परवानगी नव्हती. चोवीस तासांची लघवी सिस्टरनी भरली. एक थेंब माझ्या हाती नव्हता. आकडा आला जवळपास आठ.

मॅडम खाटेपाशी आल्या. कागद माझ्या हातात दिला. "सर, घरचा कॅन आणि हा कॅन, यात इतका फरक कसा?"

शोभा उशाशी उभी होती. मी म्हणालो, "घरी दोन-तीनदा भरायची राहून गेली असेल. कॉलेजच्या धावपळीत."

मॅडमच्या चेहऱ्यावर राग येईल असं वाटलं होतं. त्यांना हायसं वाटलं. "होतं असं. माझीच चूक. मी तुम्हाला सायन्सचे सर म्हणून नीट समजावलंच नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून घ्यायला हवं." आणि त्यांनी खरंच छापून घेतलं. आता तिथे प्रत्येक पेशंटला कॅनसोबत तो कागद मिळतो, चित्रांसकट. तो बघितला की मला मान खाली घालावी लागते.

खरी खूण हाती आल्यावर उपचार बदलले. दुसरं इंजेक्शन सुरू झालं, सलाइनमधून सावकाश देतात ते. पायाची गाठ विरत गेली. मी बरं व्हायचं ठरवलं. हे वाक्य पोकळ वाटेल, म्हणून कसं ठरवलं ते सांगतो. मिठाचा डबा मी नाही, शोभाने हातात घेतला. सकाळी वजन बघायचं, एकाच काट्यावर, चहाच्या आधी. रोज कॅनॉलच्या कडेने चालायचं, पोटरीला आवळ मोजा घालून. आणि कॅन पूर्ण भरायचा. कॉलेजच्या दिवशीही.

पहिल्यांदा उघडा कॅन घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. गणिताच्या सरांनी भुवया उंचावल्या. मी म्हणालो, "लघवी आहे माझी. लातूरला लई भाव हाय." मग ते एवढे हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून प्रयोगशाळेतल्या खालच्या कपाटात माझ्या कॅनची जागा ठरलेली आहे. शिपाई विचारतो, "सर, आज पाळी हाय का?"

आकडा उतरत गेला. पाच. साडेतीन. मध्येच परत चार झाला. तो चार बघून मला जो आनंद झाला, तो कुणाला समजावून सांगता येणार नाही. खडबडीत होता. आता एक ग्रॅमच्या खाली आहे आणि अल्ब्युमिन वर आलंय. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात.

ज्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सर, आजार शांत झालाय," त्याच दिवशी मी गंगाधररावांची चौकशी केली. बरेच दिवस बाकावर दिसले नव्हते.

"ते संशोधनातून बाहेर पडले," मॅडम म्हणाल्या. "औषधही सोडलं. आम्ही खूप फोन केले. म्हणाले, गुरुजीला गुण आला, मला न्हाई. माझ्या अंगालाच औषध लागून न्हाई राहिलं. मग तिकडे तेलंगणात कुणा जडीबुटीवाल्याकडे गेले. वर्षभराने आले ते किडनी निकामी होऊनच. आता नांदेडला डायलिसिसवर आहेत."

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम यंत्राने करणं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाऊन तासन् तास पडून राहायचं. टमटम चालवणारा माणूस ते कसं जमवत असेल, मला माहीत नाही.

"माझ्यामुळे झालं का हे?" माझ्या तोंडून निघालं.

मॅडमना वाटलं, मी सोबतच्या पेशंटच्या दुःखाने बोलतोय. "तुमच्यामुळे कसं होईल, सर? त्यांचा आजारच हट्टी होता. कदाचित औषध चालू ठेवूनही असंच झालं असतं. कदाचित नसतं. पुढची रीडिंगच नाहीत, त्यामुळे कुणालाच सांगता येणार नाही."

मी नांदेडला त्या डायलिसिस सेंटरच्या समोर जाऊन आलोय. पलीकडच्या फुटपाथवर रसवंतीपाशी उभा राहिलो. रुक्मिणबाई दारात दिसली, हातात पाण्याची बाटली. तिने मला बघितलं नाही. मी रस पिऊन घरी आलो.

मागच्या खेपेला मॅडम खुशीत होत्या. संशोधन संपत आलंय, आता लिहून पाठवायचं. मी विचारलं, "माझ्या त्या सुरुवातीच्या आकड्यांचं काय केलं?"

"ठेवलेत. शेजारी नोंद केलीय की कॅन अपूर्ण असण्याची शक्यता. तेवढं चालतं सर. लोकांकडून राहून जातंच. ते दोन्ही गटांत सारखंच राहून गेलेलं असणार, त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही."

हे मी स्वतः शिकवतो. रँडम एरर, म्हणजे नकळत होणारी चूक, कधी इकडे जाते कधी तिकडे, आणि पुष्कळ रीडिंग घेतली की जिरून जाते. सिस्टिमॅटिक एरर जिरत नाही. ती दर वेळी एकाच दिशेने ओढते. माझा हात दर वेळी एकाच दिशेने गेला होता. स्टेरॉइड लवकर कमी केलं तरी चालतं, असं माझे आकडे सांगत होते आणि ते सांगत असताना माझ्या पायात रक्त गोठत होतं. पेशंट काही शेकड्यांनी नव्हते. त्यात माझे आकडे वजनदार ठरणार. उद्या बिलोलीच्या, उदगीरच्या, कुठल्याही गावच्या माणसाची गोळी त्या भरवशावर लवकर कमी होईल.

त्या दिवशीही मी गप्प बसलो. बसमध्ये अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी खिडकीबाहेर बघत होतो. घरी पोचल्यावर शोभा म्हणाली, "रिपोर्ट चांगला, मग तोंड असं कामून?" मी म्हणालो, "लिहायचंय काहीतरी." ती म्हणाली, "बोलायचं न्हाई, तर लिहा."

म्हणून हे लिहिलं. आज संध्याकाळी शोभाला वाचून दाखवणार आहे. उद्याच्या पहिल्या गाडीने लातूरला जाऊन मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे, त्यांनी काही पाठवायच्या आत. त्या रागावतील. रागवावं. माझे आकडे काढून टाकतील, कदाचित मलाच काढतील. औषध देतील, ते त्यांचं काम आहे आणि त्या ते चोख करतात. मी आज चालतोय, शिकवतोय, ते त्यांच्यामुळे आणि त्या वॉर्डातल्या सिस्टरांमुळे, ज्यांनी माझ्यावर विश्वास न ठेवता भांडं स्वतःच्या हाताने भरलं. त्यांचे उपकार मोठे आहेत.

ज्यांना कॅन मिळेल त्यांना एवढंच सांगतो. आकडा वाईट येऊ द्या. वाईट आकड्यावर औषध आहे. तो आकडा तुमच्या शेजारी बाकावर बसलेला माणूसही वाचत असतो आणि स्वतःचं ठरवत असतो.

लातूरहून परतताना नांदेडला उतरायचं आहे. या वेळी रसवंतीपाशी थांबायचं नाही, आत जायचं. गंगाधरराव खाटेवर असतील, रुक्मिणबाई शेजारी असेल. तिच्यासमोरच सांगायला हवं, कारण मीठ खात असाल असं मी तिच्यासमोरच म्हणालो होतो.

गंगाधरराव, तुमचं काही चुकत नव्हतं. तुमचा कॅन पूर्ण होता, माझा नव्हता. एवढं तुमच्या तोंडावर सांगण्याचं देणं मी अजून लागतो.